मावशीची हळद, एमपीथ्रीत

आमच्या खानदानात मावशीनं गाणं म्हटल्याशिवाय कुणाला हळद लागलेली नाही. आधी बाबासाहेबांचं नाव, मग नवरीचं, मग नवरदेवाचं, अशी नावं गुंफत ती सुटायची ती सुटायचीच. पण घशाचं ऑपरेशन झालं अन् तिचा आवाज गेला, राहिली नुसती घरघर. त्यातच सख्ख्या नातीचं लग्न ठरलं. मावशीनं मला बिडकीनला बोलावून घेतलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "माझ्या नातीला काय मुकी हळद लावू? तुझ्याकडं टेप हाय ना माझा?"

होता. माझ्याच हळदीला भावानं बटणाच्या फोनवर तो रेकॉर्ड करून आमच्या जुन्या कॉम्प्युटरात टाकला होता. "लई झोकात वाजवू मावशी," असं मी छातीठोक सांगून मुकुंदवाडीला परतले.

कॉम्प्युटरवरची धूळ झटकली, फाइल शोधली, पेन ड्राइव्हवर घेतली, स्पीकरला लावली. स्पीकर ढिम्म. नवरा म्हणाला, "सोप्पंय. जुन्या फोनची फाइल आहे ही. नावाच्या शेवटची अक्षरं खोड अन् तिथं एमपीथ्री लिही." लिहिलं. स्पीकर तरीही ढिम्म. मी म्हटलं, "गाढवावर झूल टाकली म्हणून त्याचा घोडा होतो का?" तर हेच माझ्यावर फुगून बसले.

मग इंटरनेटवरून फाइली बदलून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यातून मावशी निघाली ती उंदरीण होऊन! इतकी चिरकली की शेजारीण विचारायला आली. कुठली तरी सेटिंग चुकली होती. मग ह्यांचं चालू, ही दाबून बघ, ती दाबून बघ. माझं डोकं फिरायच्या बेतात असताना एकदम मावशीचा खणखणीत आवाज आला. पहिली ओळ ऐकली अन् मला भरूनच आलं. पुढचं ऐकायचं कुणाला सुचतंय? पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकली आणि साडीच्या पिना शोधायला लागले.

हळदीच्या मांडवात मावशी नवी साडी नेसून पुढंच बसली होती. मी स्पीकर लावला. तिचा आवाज आला तशा बायका टाळ्या धरायला लागल्या. बाबासाहेबांचं नाव झालं. मग आलं नवरीचं नाव. ते माझं! त्याच्या पाठोपाठ माझ्या नवऱ्याचं. हे तिकडं जिलेबी खात होते, तिथंच थिजले.

"अगं बया! दाजी, या, बसा पाटावर!" एक जण ओरडली अन् मांडवभर हसू उसळलं. नवरी पिवळ्या तोंडानं माझ्याकडं बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सारा वेळ फॉरमॅट फॉरमॅट करत बसलो, पण आत काय भरलंय ते दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मावशी मात्र हसली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. मग ती उठली, मला स्पीकरपाशी ओढलं अन् खुणेनं सांगितलं, पहिल्यापासून लाव. गाणं पुन्हा सुरू झालं. माझं नाव यायच्या आत तिनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. "दाब."

मी बटण दाबून गाणं थांबवलं. मावशीनं गळ्याच्या शिरा ताणून, होता नव्हता तेवढा श्वास काढून नातीचं नाव घेतलं. फाटकं होतं, पण सुरात होतं. बायकांनी ते तसंच उचलून धरलं. नवरी पाटावरून अर्धी उठली आणि हळदीच्या हातांनीच आजीच्या गळ्याला मिठी मारली.

माझं नाव पुढं ढकलून मी पुन्हा गाणं सोडलं. पण डोळे असे भरले होते की नवरदेवाच्या नावाआधी दाबायचं राहूनच गेलं, आणि गाण्यात परत माझाच नवरा आला.

"रडती काय येडे!" मावशी घरघरली. "दाब की! माझा नातजावई राहिला ना."