रस्ता सरळ मागणारे मोठेबाबा

अमरावतीच्या वसतिगृहात सकाळी चुलतभावाचा फोन आला. "मोठेबाबा गेले रे..." झोपेतच गेले म्हणाला. अकोल्याच्या एसटीत बसलो, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मनात एकच येत राहिलं, आता मोजणीच्या वेळी ओट्यावर कोण उभं राहणार? अशा वेळी असा विचार यावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अकोल्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यानं विहिरीवरची मोटार आणली, की उघडण्याआधी विचारायचे, "जळली, का कोनी जाळली?" दुकान आत अगदी अरुंद. मोटारी उतरवणं, उघडणं, तारा भरणं, सगळं पुढच्या ओट्यावर. ओटा गेला असता तर धंदाच गेला असता.

शहर वाढलं, रस्ता मात्र तेवढाच राहिला. गर्दीत अॅम्ब्युलन्स अडकली की मोठेबाबा हातातलं काम टाकून खाली उतरत. "अबे, काढ ना गाडी! तुही वरात हाय का?" त्यामुळे रस्ता रुंद होणार म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असावं. दोन्ही बाजूंनी सारखी जागा जाणार होती. पण एका सकाळी समोरच्या शेटजींच्या कापड दुकानाच्या भिंतीपुढे शेंदूर फासलेला दगड दिसला. थोड्या दिवसांत त्याला चौथराही झाला. मोजणीवाले आले, तेव्हा त्यांनी फीत भिंतीपासून धरली नाही, चौथऱ्यापासून धरली. देवाला कोण हलवणार? रस्त्याचा मध्य आमच्या बाजूला सरकला आणि नव्या हद्दीची लाल रेघ दुकानाच्या उंबऱ्यावर आली. अख्खा ओटा रस्त्यात.

दिवाळीत मी गेलो, तर त्यांनी मला रेघेपाशी उभं केलं. "इंजिनेरी शिकून राहिला ना? सांग, हे बरोबर हाय का?"

मी चाचरत म्हटलं, "तिकडं खाली नाली-बिली असंन, म्हून रेघ इकडं सरकली असंन, मोठेबाबा..."

"काहून रे, शेटजीनं तुलेही चहा पाजला काय?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ते माझं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि संशयही पहिला माझ्यावरच घेत. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मला तरी नालीची खात्री कुठं होती?

त्यांची बायको, आमची मोठ्याई, एकदा हळूच म्हणाली, "आपुनही एक दगड बसवू. लोकं करतेतच ना."

"माह्या ओट्यासाठी देवाले धुळीत बसवू? रस्ता रुंद व्हालेच पायजे. पन सरळ व्हाले पायजे."

ते कचेरीत चकरा मारत राहिले. शेवटी भिंतीपासून फेरमोजणी मंजूर झाली... आणि ती होण्याआधीच ते गेले.

फेरमोजणीला मी अमरावतीहून आलो. मोठेबाबांची एक सवय होती. पडद्याचं कापड घेतानाही फितीचं पहिलं टोक ते स्वतः धरत. म्हणायचे, "आकडा तिकडं दिसते, चोरी इकडं होते." मोजणीवाल्यांनी ते टोक कापड दुकानातल्या नोकराच्या हाती दिलं, तेव्हा मी म्हटलं, "साहेब, टोक मी धरू का?" त्यांनी दिलं. चौथऱ्यामागे शिरून मी फितीची कडी भिंतीला टेकवली. पलीकडे नवी रेघ उंबऱ्यावरून उतरली आणि ओट्याच्या पायरीवर थांबली. पायरी जाणार, ओटा राहणार. मोठ्याईनं पदर तोंडाला लावला.

शेटजी माझ्याजवळ आले. "काय रे इंजिनेर, टोक सरकवलं तं नाही ना?"

"नाही जी," मी म्हटलं.

आणि म्हटल्यावर खाली वाकून स्वतःचाच हात पाहिला. कडी भिंतीलाच टेकलेली होती. तरी मी पुन्हा एकदा बोट घालून पाहिलं...