पाण्याला म्मिरी म्हणतात

तुमच्या आईची भाषा तोंडातून निघाली म्हणून आपला जीव जाईल, अशी भीती तुम्हाला कधी वाटलीय का?

मला वाटली नव्हती. मेलबर्नला शिकायला आलो त्या वर्षी आमच्यासारखी मुलं विमानं भरभरून येत होती. युनिव्हर्सिटी, शिफ्ट, सहाजणांत एक बाथरूम. मग आमच्यातल्या काहींना ट्रेनमध्ये, स्टेशनबाहेर मारहाण झाली, आणि सल्ले यायला लागले. ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका. फोनवर तर नकोच. सल्ला देणारे भले लोक होते, तरी मला संताप आला. इचलकरंजीत माझे वडील सूतगिरणीतल्या कामगारांचं संघटन करायचे. आमच्या घरी संध्याकाळी आधी पत्रकांच्या घड्या घालून व्हायच्या आणि मग ताटं वाढली जायची. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढंच मी शिकलो होतो. मी डँडेनॉन्ग उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात टेबलाशी बसून इंग्रजीत पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता, ‘आवाज खाली करणार नाही’.

माझा खोलीतला जोडीदार मागे उभा राहून वाचत होता. तो नायजेरियाचा, लागोस शहरात वाढलेला, माझ्याबरोबर शीतगृहात खोकी उचलायचा.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण माझ्या बाबांना दाखवू नकोस. घाबरतील.”

“तुझ्या बाबांचा काय संबंध?”

“आमच्या घरात आमची भाषा बोलायची नाही, हा नियमच आहे. मी इग्बो आहे, मेट, आणि मला इग्बो येत नाही. तू निदान आईला शिव्या देऊ शकतोस तिच्या भाषेत.”

“मी आईला शिव्या देत नाही.”

“फोनवर तसंच वाटतं.”

तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की साठच्या दशकाच्या शेवटी नायजेरियात यादवी युद्ध झालं. पूर्वेकडच्या इग्बो लोकांनी बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. तीनेक वर्षांत तो देश उपासमारीने आणि बंदुकीने मोडला. पोट फुगलेल्या मुलांचा एक जुना फोटो माझ्या वडिलांच्या कपाटात होता. त्यावरून मी जोडीदाराला व्याख्यान द्यायला लागलो, की अशा वेळी गप्प बसणं म्हणजे शरणागती. तो ऐकून घ्यायचा आणि चहाचे कप विसळायचा.

त्याच्यापुढे तेव्हा एक वेगळाच प्रश्न होता. त्याला लग्न करायचं होतं. मुलगी नर्सिंग शिकत होती, तीही इग्बो, पण पूर्वेकडची. तिचे मामा डँडेनॉन्गलाच राहायचे. इथे तिचं वडीलधारं माणूस तेच. त्यांनी हो म्हटलं तरच पुढचं बोलणं तिच्या गावी जाणार होतं. इग्बो रीतीप्रमाणे मुलगा स्वतःसाठी मागणी घालू शकत नाही, त्याची माणसं लागतात. त्याची माणसं सगळी लागोसला. म्हणून तो मला घेऊन गेला.

मामांनी दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ही तुझी माणसं?”

“हो, अंकल.”

“सगळी?”

मी वरपक्ष म्हणून सोफ्यावर बसलो. मामांनी लाकडी ताटलीत कोलानट आणले. सुपारीपेक्षा मोठं, तपकिरी गुलाबी, चवीला कडू फळ. पाहुणा आला की पहिल्यांदा ते पुढे करायचं, त्यावर प्रार्थना म्हणायची, फोडायचं, वाटून खायचं. त्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. मी म्हणालो, आमच्याकडेही लग्न ठरवताना सुपारी फोडतात. मामा खूश झाले. “मग तुझ्या घरी फोडली का?” मी सांगितलं की माझ्या आईवडिलांनी नोंदणी कचेरीत लग्न केलं, सुपारी फुटली नाही, आम्ही असले विधी मानत नाही. “मग तू इथे कशाला आलास?” असं त्यांनी अगदी सहज विचारलं.

वयाच्या मानाने प्रार्थना खरं तर मामांनीच म्हणायची. पण त्यांनी ताटली माझ्या जोडीदाराच्या हातात दिली. तुझ्या घरात कशी म्हणतात ते ऐकू, म्हणाले. त्याने चर्चमध्ये शिकलेली एक सुंदर प्रार्थना इंग्रजीत म्हटली. समोर बसलेल्या मुलीने डोळे मिटून घेतले. ती काय झालंय ते समजून चुकली होती.

मामांनी ताटली परत घेतली आणि तिच्यावर झाकण ठेवलं. “कोलाला इंग्रजी समजत नाही,” ते म्हणाले. “हे सगळ्या इग्बोंना माहीत असतं. तुझी माणसं कुठली?”

त्याने नायजर नदीच्या पश्चिम काठावरचं गाव सांगितलं.

“नदीपलीकडचे,” मामा म्हणाले. “युद्धात आम्ही पाली खाल्ल्या. युद्ध संपलं तेव्हा तुमच्याकडचे कितीतरी जण म्हणाले, आम्ही इग्बो नाहीच. आता मुलगी हवी तेव्हा इग्बो. तुझ्या बापाला सांग, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. इग्बोत. नाहीतर चहा घ्या आणि निघा.”

आम्ही चहा घेतला. निघालो.

बसमध्ये मी पेटलो होतो. हा म्हातारा कोण रक्त तपासणारा, भाषेची परीक्षा घेणारा, हाच तर फॅसिझम वगैरे. जोडीदार खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तो माझी परीक्षा घेत नाहीये. त्याला वाटतंय की आम्ही त्याला सोडून गेलो.”

घरी येऊन त्याने परदेशी बोलायचं फोनकार्ड खरवडलं आणि वडिलांना फोन लावला. स्पीकर चालू होता. मी उठायला लागलो, त्याने हाताने बसवलं. वडील आधी म्हणाले, दुसरी मुलगी बघ. मग म्हणाले, मला इग्बो येत नाही. हा म्हणाला, “बाबा, आजीने तुमच्याशी बोलताना कुठली भाषा वापरली असेल मग?”

मग वडिलांनी सांगितलं. त्यांचा आवाज बँकेत काम केलेल्या माणसाचा होता, नीटनेटका.

सरकारी सैन्याने नदीकाठचा भाग बियाफ्राकडून परत घेतला तेव्हा हे कुटुंब गाव सोडून पायी निघालं होतं. आई, बाप, दोन मुलगे. माझ्या जोडीदाराचे वडील आठ वर्षांचे, धाकटा भाऊ चार. वाटेत सैनिक माणसं थांबवून बोलायला लावायचे. बोलण्यावरून इग्बो कोण ते कळायचं. आईने मुलांना सांगितलं होतं, तुम्ही मुके आहात. त्यांच्या बापाला शेजारच्या लोकांची भाषा येत होती, तो बोलला, सैनिक त्यांना सोडतही होते. तेवढ्यात धाकट्याने पाणी मागितलं. म्मिरी, म्हणाला.

सैनिकांनी बापाला रांगेतून बाहेर काढलं. बायको-मुलांना पुढे जा म्हणाले.

“आईने त्यानंतर घरात एक शब्द इग्बो बोलू दिला नाही,” वडील म्हणाले. “भावाला तिने कधीही बोल लावला नाही. पण ती भाषाच ठेवली नाही.”

माझा जोडीदार हळूच म्हणाला, “म्हणून काका कुणाकडे काही मागत नाहीत. जेवताना मीठसुद्धा स्वतः उठून घेतात. आम्ही त्यांना हसायचो.”

“हो,” वडील म्हणाले. “म्हणून.” आणि फोनकार्ड संपलं.

माझं पत्रक टेबलावरच होतं. गप्प बसणं म्हणजे शरणागती, हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदात होतं, जाड अक्षरात. मी ते वाक्य खोडलं. बाकी पत्रक मी छापलं आणि वाटलं, त्याची मला आजही खंत वाटत नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा मामांकडे गेलो. लागोसला तेव्हा सकाळ होती, वडील चर्चला निघायच्या आधी फोनजवळ बसतो म्हणाले होते. येईल का त्यांना, बोलतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. मामांनी ताटली मध्ये ठेवली आणि फोन ताटलीच्या कडेला. मग मागे रेलून बसले, हात छातीवर बांधून.

फोनमधून वडिलांचं बोलणं सुरू झालं. अडखळत, एकेक शब्द. मला काही कळत नव्हतं. मी मामांचा चेहरा बघत होतो. त्यांचे हात सुटले. ते पुढे वाकले.

मुलगी माझ्या कानात म्हणाली, “ते लहान मुलासारखं बोलतायत. मोठ्या माणसाचे शब्दच नाहीत त्यांच्याकडे. आठ वर्षांच्या मुलाचे आहेत.”

पन्नाशी गाठलेला माणूस पोराच्या भाषेत प्रार्थना म्हणत होता. भाषा जिथे थांबली होती तिथूनच तिने पुढे पाऊल टाकलं होतं. प्रत्येक ओळीनंतर मामा ‘इसे’ म्हणायला लागले, म्हणजे तसंच होवो. मग मुलगीही, माझा जोडीदारही. तिसऱ्या ओळीला माझ्याही तोंडून निघालं, मी विधी मानत नसूनही. शेवटच्या ओळीला मामा थांबले.

“काय म्हणाले?” मी मुलीला विचारलं.

“ज्याला तहान लागलीय त्याला मागता येऊ दे.”

मामांनी कोला फोडला. एक तुकडा फोनशेजारी ठेवला. मग फोनवर वाकून इग्बोत काहीतरी विचारलं आणि दोन्ही बाजूंना हसू फुटलं. मुलीने सांगितलं, मामा म्हणतायत की व्याही, तुमचा उच्चार अगदी नदीपलीकडचा आहे, भयंकर. आणि पुढच्या रविवारी परत फोन करा, सुधारून घेऊ.

निघताना मामांनी एक अख्खा कोला माझ्या मुठीत ठेवला. पाहुण्याने घरी न्यायचा असतो, म्हणजे आपण कुठे जाऊन आलो ते घरच्यांना कळतं. तो मी सुट्टीत इचलकरंजीला नेला. वडिलांनी तो पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवला, आणि मी त्यांना हे सगळं सांगितलं.

आता तुम्हाला एक काम सांगतो. आपल्याकडेही दुकानात, बसस्टँडवर, इमारतीच्या गेटवर कुणाला तरी दरडावलं जातं, इथे तुझी भाषा चालणार नाही. कधी आपणच दरडावतो. तसा एखादा माणूस तुमच्या आसपास असेल, वॉचमन, गवंडी, भेळवाला, कुणीही. उद्या त्याला पाणी द्या. आणि देताना विचारा, तुझ्या घरी याला काय म्हणतात. तो सांगेल तो शब्द त्याच्यासमोर मोठ्याने म्हणून बघा.