कोऱ्या कार्डाचं वजन

आमची कंपनी आता मोबाइलमधली कार्डं विकणार, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. खरं तर ऑफिसातून कळायला हवं होतं. पण आमच्याकडे महत्त्वाच्या गोष्टी आधी टपरीवर जातात आणि मग नोटीस बोर्डावर लागतात. मी पॅकिंगची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे सात बायकांमधली एक, जिच्याकडे किल्ल्या असतात.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची ही छोटी कंपनी. सह्याद्रीतल्या प्राणी-पक्ष्यांची कार्डं छापायची, पाच-पाचची बंद पाकिटं करायची आणि दुकानांत पाठवायची. मुलं संच जमवायची, दोनदा आलेलं कार्ड मित्राला देऊन हवं ते घ्यायची. सगळ्यांचा जीव अडकलेला असायचा तो चमकणाऱ्या शेकरूत. ते मोजक्याच पाकिटांत निघायचं.

पाकिटं आम्ही हातानं भरायचो. लांबलचक टेबलावर कार्डांचे गठ्ठे मांडलेले असायचे आणि आम्ही सातजणी त्याभोवती फिरत एकेक कार्ड उचलायचो. पुढचीनं जे उचललं ते मागचीनं सोडून द्यायचं. नवीन माणसाला वाटायचं, बायका टेबलाला प्रदक्षिणा घालतायत. वाटेना का! एका पाकिटात तोच पक्षी दोनदा निघाला, असं माझ्या देखरेखीत कधी झालं नाही. ही बढाई नाही, माहिती आहे.

मोठे साहेब गेल्यावर त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. त्यानं आम्हाला बोलावून समजावलं, "मावशी, कार्डं आता अ‍ॅपमध्ये. प्रत्येकाला स्वतःचा नंबर, प्रत्येकाचा एक मालक. देवाणघेवाणसुद्धा तिथेच. मिसळायचं काम कॉम्प्युटर करेल."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"पहिली सीरिज निघू दे, मग ठरवू."

ठरलेलंच होतं, फक्त सांगायचं बाकी होतं. मला घरी बसायचं नव्हतं. पन्नाशी उलटली असली तरी गुडघे धड होते आणि डोकं त्याहून धड होतं. माझ्यासारखं मिसळणं त्या कॉम्प्युटरला जमणार नाही याची मला खात्री होती. पण मला कुणी विचारतंय कशाला! अ‍ॅप करणारी नागपूरकडची मुलगी आली आणि म्हणाली, "मॅम, फक्त पॅकिंग शीट द्या." मी शीट दिली.

पहिल्या विक्रीच्या दिवशी तक्रारींचा पाऊस पडला. पाकीट उघडलं की पाच कार्डं यायची आणि मग सहावं, पांढरंफटक. लोकांना वाटलं, अ‍ॅप अडकलं. कुणी फोन बंद करून चालू केला, कुणी वाय-फाय बदललं, कुणी थेट आमच्या गेटवर येऊन उभं राहिलं. नव्या साहेबांनी सगळ्यांना वर बोलावलं.

"मी शीटमध्ये होतं तेच टाकलं," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "बघा ना सर. पाच कार्डं, एक कोरं."

साहेब माझ्याकडे वळले. "हे कोरं कशासाठी असतं, मावशी?"

आणि खोटं कशाला सांगू, मला आठवेना. इतकी वर्षं मी ते स्वतःच्या हातानं पाकिटात टाकत आले होते. मग आठवलं आणि मी हसत सुटले. चमकणारं कार्ड पाचांवर सहावं म्हणून जायचं आणि जाडही असायचं, त्यामुळे त्याचं पाकीट जरासं जड लागायचं. मंडईमागच्या एका दुकानदारानं आमची पाकिटं सोनाराच्या काट्यावर तोलली आणि जड तेवढी निवडून आपल्या ओळखीच्यांना दिली. तेव्हापासून साध्या पाकिटांत मी एक जाड कोरं कार्ड घालायला लावलं, म्हणजे सगळी सारख्या वजनाची. आणि या शहाण्यांनी तेच कोरं कार्ड फोनमध्ये घातलं, जिथे कशालाच वजन नाही!

कोरं कार्ड काढलं तरी तक्रारी थांबल्या नाहीत. कुणाला एकाच पाकिटात तीन घुबडं आली होती. मुलगी म्हणाली, "मॅम, खरं रँडम असंच असतं."

"तुझं रँडम तुझ्याकडे ठेव," मी म्हटलं. "पोराला पाकीट उघडून मजा यायला पाहिजे." आणि मी तिला आमचा एकेक नियम सांगत गेले, ती लिहीत गेली. दोन दिवसांत घुबडं जागेवर आली.

साहेब म्हणाले, "मावशी, पॅकिंग या महिन्यात बंद होतंय. पण तुम्ही डिजिटलमध्ये या."

बाकीच्या सहाजणींचं काय, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "कधीपासून?"

खाली आल्यावर मी ते सगळ्यांना सांगून टाकलं, त्यांच्याबद्दल विचारलं नाही हेही. फार लाज वाटत होती. सहाजणींत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांना तिथे मीच लावलं होतं. त्या म्हणाल्या, "मग आता जाऊन विचार की. पाय मोडलेत का तुझे?"

मी पुन्हा वर गेले, भांडले. शेवटी साहेब दोघींना घ्यायला तयार झाले. फोनवर मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या अडचणी सोडवायचं काम होतं. "कोणत्या दोघी ते तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. "तुम्हाला माणसं माहीत आहेत."

माहीत होतीच. शांतपणे, गोड बोलणाऱ्या दोघी होत्या, त्यांची नावं मी घेतली. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी एखाद्या आईला 'तुम्हाला वाचता येतं का?' असं विचारलं असतं.

संध्याकाळी बसमध्ये त्या माझ्या शेजारीच बसल्या. उतरताना म्हणाल्या, "बरोबर केलंस. मी असते तर तेच केलं असतं. पण आता माझ्याशी बोलू नकोस."

त्याला वर्ष होऊन गेलं. माझं काम उत्तम चाललंय. ती नागपूरची मुलगी मला विचारल्याशिवाय एकही नवीन पाकीट काढत नाही. माझी निवड चुकली असं मला एकदाही वाटलेलं नाही. आमचं घर एकच, स्वयंपाकघर एकच. रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी जाऊबाईंचा चहा ओट्यावर झाकून ठेवते, आणि मी दाराबाहेर पडल्याशिवाय त्या त्याला हात लावत नाहीत.