मधलं कार्ड

रूपाली कांबळेला लहानपणापासून चालत्या वस्तूपेक्षा बिघडलेलीच वस्तू जास्त ओढ लावायची. वडील दादासो इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करायचे. त्यांच्या मागं फिरत ती विचारायची, "आबा, धागा तुटल्याचं मागाला कसं कळतं?" दादासो माग उघडून दाखवायचे.

आता ती कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे ती एकटीच. धातू ओतून केलेल्या भागाच्या, म्हणजे कास्टिंगच्या, आत कुठं पोकळी राहिली का, हे बघायला तिथं एक्स-रे काढतात आणि ते दहा वर्षं जपावे लागतात. त्यासाठी मोठा सर्व्हर आहे. त्यात सहा डिस्क आणि एक महागडं 'रेड' (RAID) कार्ड. हे कार्ड सहाही डिस्क एकत्र बांधतं आणि संगणकाला सांगतं, ही एकच मोठी डिस्क. त्यावर रूपालीनं झेडएफएस ही फाइल सिस्टिम बसवली होती. ती प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेली एक खूण स्वतःजवळ ठेवते आणि वाचताना ताडून पाहते.

मागच्या फेब्रुवारीत एक जुना एक्स-रे उघडेना. फाइल सिस्टिम म्हणाली, खूण जुळत नाही, पण दुरुस्त करता येत नाही. कार्ड म्हणालं, सगळ्या डिस्क ठणठणीत आहेत.

गुणवत्ता विभागाचे कृष्णात सर वैतागले. "एवढं भारी कार्ड हाय की! मग फाइल गेली कुठं?"

"तेच मलाबी कळंना झालंय सर. एक आठवडा द्या," रूपाली म्हणाली.

स्टोअरमध्ये तसंच काम करणाऱ्या, पण दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचं जुनं मशीन पडलं होतं. तिनं त्यात दोन डिस्क लावल्या आणि दोन्हींवर तोच मजकूर राहील असं कार्डाला सांगितलं. त्यावर झेडएफएस बसवून आईचा, आक्काताईंचा, फोटो ठेवला. मग मशीन बंद करून एक डिस्क काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोच्या जागी मुद्दाम कचरा लिहिला. डिस्क परत बसवली.

कार्ड म्हणालं, सगळं ठीक. तिनं फोटो उघडला. आक्काताई नीट हसत होत्या. मशीन पुन्हा सुरू करून तिनं परत उघडला, तरी ठीकच. तिसऱ्या वेळी मात्र चूक आली.

रूपाली खुर्चीतून उठली. चांगली प्रत तर शेजारच्या डिस्कवर शाबूत होती! कार्ड कधी या डिस्कवरून वाचत होतं, कधी त्या. दोन्हींतली खरी कोणती, हे त्याला ठाऊक नव्हतं. फाइल सिस्टिमला खरं-खोटं ओळखता येत होतं, पण दुसरी डिस्क आहे हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं कार्डाची सेटिंग बदलली. आता बांधाबांध करायची नाही, डिस्क आहेत तशा पुढं द्यायच्या. दोन्हींची जोडी फाइल सिस्टिमलाच लावू दिली आणि पुन्हा कचरा लिहायला तिनं कृष्णात सरांना बोलावलं.

"मी लिहू? तुमच्या आईच्या फोटोवर?"

"लिवा की सर. घाबरू नका."

सरांनी लिहिलं. फोटो उघडला तो नीट. खाली नोंदही आली: पहिल्या डिस्कवर चूक होती, दुसरीवरून दुरुस्त केली. सरांनी हट्टानं आणखी चार वेळा तेच करून पाहिलं.

"म्हंजे कार्ड वाईट न्हाय," ते शेवटी म्हणाले.

"न्हाय. कार्ड अन् फाइल सिस्टिम, दोघं एकच काम कराय लागलीत, अन् एकमेकाशी बोलत न्हाईत."

एका रविवारी, भट्टी बंद असताना, दोघांनी सगळे एक्स-रे बाहेरच्या डिस्कवर उतरवले. मोठ्या सर्व्हरमधलं कार्ड डिस्क नुसत्या पुढं द्यायला तयार नव्हतं, म्हणून ते काढून साधं बसवलं. सहाही डिस्क फाइल सिस्टिमच्या हाती देऊन एक्स-रे परत भरले.

चौथ्या दिवशी नोंद आली: तीन नंबरच्या डिस्कवर सतरा चुका, सगळ्या दुरुस्त. कार्डानं वर्षभर ठणठणीत म्हटलेली हीच डिस्क होती. रूपालीनं ती बदलली.

उतरवताना आधीच बिघडलेले एकूण सहा एक्स-रे सापडले होते, ते मात्र परत आले नाहीत. कुणाला कळलंही नसतं, पण रूपालीनं ग्राहकाला कळवायचंच असा धोशा लावला आणि सरांनी सही केली. दोन कास्टिंगचे नमुने स्टोअरमध्ये सापडले, त्यांचे एक्स-रे नव्यानं काढले. चार कायमचे गेले. ग्राहकानं चार ओळींचं कडक पत्र पाठवलं आणि नव्या मांडणीची माहिती मागवली. रूपालीनं दोन पानं लिहून पाठवली.

काढलेलं कार्ड सध्या तिच्या टेबलावर आहे. त्यावर एक छोटी बॅटरी आहे. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट मजकूर ती कार्डाच्या पोटात किती वेळ जपते, हे तिला बघायचंय. शनिवारी ते कार्ड जुन्या मशीनमध्ये बसवून, लिहिणं चालू असताना मशीनची वायर मुद्दाम ओढायची ठरली आहे. कृष्णात सर म्हणालेत, वायर मी ओढणार.