गायकवाड काकांची पार्लमेंट

गायकवाड काका चित्र बघायचे ते कडेपासून. मधली मोठी माणसं, उंच खुर्ची, टेबलावरचे कागद, हे सगळं शेवटी. आधी भिंग घेऊन चित्रातल्या दारापाशी जायचे. तिथं पाणी घेऊन उभा असलेला, नाहीतर पंख्याची दोरी ओढणारा एखादा माणूस असायचाच. "बोलणारे सगळे एका साच्यातले रे लेका," म्हणायचे, "ऐकणाऱ्याचं तोंड बघ."

निगडीतल्या आमच्या सोसायटीत ते समोरच्याच दारात राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. चाकणच्या एका कंपनीतून, इन्स्पेक्शनमधून रिटायर झालेले. काकू आधीच गेल्या, मुलगी नाशिकला. घरात ते आणि त्यांची अकरा जुनी छापील चित्रं. सगळी इंग्रजांच्या राज्यातल्या कायदेमंडळांची: कलकत्त्याचं कौन्सिल, केपटाऊनची पार्लमेंट, कॅनडाची. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हिंडून हिंडून जमवलेली. कागद पिवळा, हात लावायची भीती वाटावी असा.

"काका, हा कसला नाद?" मी एकदा विचारलं. शिफ्टवरून आलो होतो, डोळे मिटत होते.

"पंधरा वर्षं कॅन्टीन कमिटीत बसलो. कॅन्टीनला पंखे मागितले. दर मीटिंगला साहेब म्हणायचे, नोंद घेतली. पंखे आले ते मी घरी बसल्यावर." ते दमल्यासारखे हसले. "पार्लमेंट काय असती, हे मला पुस्तकातनं कळलं न्हाई."

त्यांची एकच इच्छा होती: आपल्यामागं ही चित्रं रद्दीत जाऊ नयेत. पुण्याच्या एका संग्रहालयातल्या बाई बघायला यायला तयार झाल्या, तेव्हा काकांना दोन दिवस जेवण गोड लागेना. भिंतीला ओल, कागदाला डाग पडतील म्हणून घोर. मला म्हणाले, "तू जरा नीट बांधाबांध करून आण बाबा."

मी अकराच्या अकरा लॅमिनेट करून आणली. आमच्या कंपनीत मशीनजवळचं प्रत्येक ड्रॉइंग लॅमिनेट असतं, तेल लागू नये म्हणून. कागद जपायचा म्हणजे आम्हाला दुसरं काय ठाऊक! काकांनी ओला फडका फिरवून बघितला आणि खूश झाले. "आता शंभर वर्षं काय होत न्हाई."

रविवारी बाई आल्या. एक चित्र हातात घेतलं आणि हळूच खाली ठेवलं. "हे कुणी केलं?"

मी चहा ठेवायला उठलो.

"मीच," काका म्हणाले. "कंपनीची सवय, दुसरं काय."

प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटलंय, काढायला गेलं तर चित्रच सोलून निघेल, असं बाईंनी समजावून सांगितलं. आम्हाला घेता येणार नाहीत, म्हणाल्या. चहा घेतला आणि गेल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच म्हणाले, "जा, झोप जा. उद्या पहिली शिफ्ट हाय न्हवं तुझी?" आणि मी खरंच जाऊन झोपलो. लाज वाटते सांगायला. पुढं रोज ठरवायचो, आज बोलू. रोज थकून यायचो.

उन्हाळ्यात काका गेले. घर रिकामं करताना त्यांच्या मुलीनं मला बोलावलं आणि चित्रांचा गठ्ठा हातात ठेवला. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, ही तुम्हालाच द्यायची. म्हणायचे, माझी वस्तू एवढ्या काळजीनं दुसऱ्या कुणी सांभाळली नाही."

मी गठ्ठा घेतला. तिलाही काही सांगितलं नाही.