इंचभर आखूड

तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरांनी औषधं मोजली, थेंबाचा फरक पडू दिला नाही. निवृत्त झाल्यावर सुतारकामाचं खूळ डोक्यात शिरलं आणि प्रत्येक फळी इंचभर आखूड निघायला लागली. त्यांच्या टेपचा पहिला इंच तुटलेला. एकपासून मोजायचं आणि शेवटी एक इंच जास्त धरायचा, तो हे गृहस्थ हटकून विसरायचे. नवी टेप आणा म्हणून बायकोने कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण ऐकतील तर शपथ!

लेकीसाठी केलेल्या लाकडी पेटीचीही मागची फळी कमी पडली आणि तळाशी लांबलचक फट राहिली. उंदरांची छान सोय केलीत, असं बायको म्हणाली. ते इतकं झोंबलं, की सकाळी उठल्या उठल्या त्यांनी फटीवर पट्टी मोजून ठोकली. झाकण आपटलं की कडी आपोआप कोयंड्यावर बसायची. आता आत हवासुद्धा शिरायची नाही, अशी फुशारकी मारून, पॉलिश वाळायला झाकण उघडं ठेवून ते आंघोळीला गेले.

बाहेर येतात तर पाच वर्षांची नात कुठे दिसेना. आजीबरोबर लपाछपी चालली होती म्हणे. बायको गच्चीवर धावली, हे ओल्या अंगावर सदरा अडकवून रस्त्यावर. कंपाउंडर जन्माचे भित्रे, निघताना गॅस तीनदा बघणारे. पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं, उभ्या गाड्यांखाली पाहिलं, दुकानदाराला विचारलं. तिथेच त्यांना उघडी पेटी आठवली. कडी आपण बसवली, फट आपण बुजवली, सगळं आपल्याच हाताने!

ते घराकडे पळत सुटले. चप्पल वाटेतच राहिली.

झाकण बंद होतं आणि कडी बसलेली होती. घाईत ते कडी उलटीच ओढत राहिले, ती निघेना. त्यांनी नातीला हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. त्यांनी पेटी भिंतीपासून ओढली, पट्टी उपटायला मागे गेले आणि जागीच थिजले. पट्टीही त्याच टेपने मोजलेली. एका टोकाला इंचभर भोक उरलं होतं आणि त्यातून इवलंसं बोट बाहेर आलं होतं.

कंपाउंडरांनी ते बोट धरलं. बोट गरम होतं. गच्चीवरून आलेल्या बायकोने कडी काढेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. नात घामाने निथळत होती, रडून रडून घसा बसला होता. भोकाला नाक लावून पडून होती, एवढंच तिने सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी झाकण काढून टाकलं आणि टेप कचऱ्यात फेकली. बायकोने ती उचलली, पदराने पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"पुढेही हिनेच मोजत जा," ती म्हणाली.