बाहीत मावणारं घड्याळ

"ताई, यायचा हात गुणगुणून नाही राह्यला..."

माझ्या भावजयीचा, सुनंदाचा, फोन आला तो एवढाच. 'गेले' असं ती म्हणालीच नाही. दुसऱ्या कोणाला या वाक्याचा अर्थ लागला नसता, पण मला लगेच लागला. माझा धाकटा भाऊ विनायक, आमचा विनू, त्याच्या डाव्या हातात दोन वर्षांपासून एक गुणगुण चालू होती. किडन्या कामातून गेल्या, डायलिसिस सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या डाव्या मनगटाजवळ छोटंसं ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. तिथं बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखी भुणभुण लागायची. ती लागते आहे म्हणजे रक्त नीट वाहतंय, मशीन लावता येईल, माणूस चालेल. रोज सकाळी सुनंदा आधी त्या हाताला बोट लावायची आणि मग चहा टाकायची. त्या दिवशी बोटाला काहीच लागलं नाही. त्याला आता महिना उलटून गेला, तरी सकाळी वाजलेला फोन मी लगेच उचलत नाही.

मुळात माझा स्वभावच घोर लावून घेण्याचा. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारी बाई मी. विनू नेमका उलटा. पांढरकवड्याला सरकारी कचेरीत कारकून होता, आठवड्यातून दोनदा एसटीने यवतमाळला यायचा, डायलिसिस करून माझ्याकडे मुक्काम करायचा. चार तास मशीनला जोडलेला असताना मी शेजारी बसून त्या नळ्यांकडे टक लावून पाहत असे, आणि हा गडी खुशाल हसायचा. "ताई, तू मशीनकडे नको पाहू बाप्पा. थे तुले पाहून भिऊन राह्यली." त्याच्या हसण्याचासुद्धा मला राग यायचा. एवढं सगळं चाललंय आणि याला काहीच कसं वाटत नाही?

अशातच त्याच्या मुलीचं, मधुराचं, लग्न जुळलं. उमरखेडचं स्थळ, सिमेंट-लोखंडाचं दुकान, मुलगा बँकेत, माणसं मोकळीढाकळी. साखरपुडा लगेच आणि लग्न दिवाळीनंतर असं ठरलं. सगळं मनासारखं, फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. विनूने आजार सांगितलाच नव्हता. यावरून आमची रोज खडाजंगी व्हायची.

"सांगून टाक न. उद्या दुसऱ्याकडून समजलं तं काय तोंड दाखवशील?"

"मुलीच्या बापाची किडनी गेली म्हटलं का लोक मुलीच्याच किडन्या मोजाले लागतात, ताई. अक्षता पडू दे. मग मीच सांगतो."

मधुरा माझ्या बाजूची होती, पण बापापुढे तिचं काही चालेना. आणि मग साखरपुड्याच्या तयारीत प्रश्न निघाला घड्याळाचा.

तुम्ही म्हणाल, घड्याळाचं काय एवढं? पण विनू जन्मभर घड्याळ घालणारा माणूस. डाव्या हातात चांगलं जाडजूड स्टीलचं असायचं. ऑपरेशन झाल्यापासून डाव्या हाताला घड्याळ नाही, घट्ट बाही नाही, त्या हातावर झोपायचंसुद्धा नाही. रिकाम्या मनगटाने मांडवात उभा राहिला की कोणीतरी विचारणारच, आणि विनूला खोटं बोलता येत नसे, कानापर्यंत लाल व्हायचा. बरं, जुनं घड्याळ उजव्या हातात घालावं, तर हात इतका वाळलेला की ते सरळ पंजावर उतरायचं आणि पाहणाऱ्याला 'माणूस किती खंगला' हेच आधी दिसायचं. वर त्याच्यावर बाहीची गुंडी लागेना. म्हणून घड्याळ पाहिजे होतं ते पातळ, हलकं, चारचौघांत शोभेल असं, आणि खिशाला झेपेल असं. मी चांगल्यातलं घेऊन देते म्हटलं तर मानेना. "औषधायचे पैसे मनगटाले बांधून फिरू काय?" म्हणाला.

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळच्या बाजारात गेलो. भर उन्हात विनू साखरपुड्याचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून निघाला. सुनंदाने त्याच्या डाव्या बाहीची गुंडी सरकवून ती सैल करून ठेवली होती. दुकानदार एकेक घड्याळ काढी, ताटलीएवढी तबकडी, आत आणखी तीन छोट्या तबकड्या. "साहेब, आजकाल हेच चालते." विनू प्रत्येक घड्याळ उजव्या हातात बांधायचा, वरून गुंडी लावायचा, हात खाली सोडायचा, मग नमस्कार करून पाहायचा, मग अक्षता टाकल्यासारखं करायचा. घड्याळ घसरलं की नाही, बाही फुगली की नाही, ते मी बघायचं. दुकानदाराला वाटलं असेल, दोघांचंही डोकं फिरलंय. मी सारखी दाराकडे पाहत होते. ओळखीचं कोणी दुकानात आलं, उजव्या हातात काहून म्हणून विचारलं, तर काय सांगायचं?

शेवटी एक मिळालं. पांढरी तबकडी, नुसते दोन काटे, तारीख नाही की काही नाही, काळा बारीक पट्टा. जाडी म्हणाल तर एका बिस्किटापेक्षा कमी. पट्ट्याला आतल्या बाजूने आणखी एक भोक पाडून घ्यावं लागलं. विनूने गुंडी लावली, हात वर केला, खाली केला... काहीच कळेना, आत घड्याळ आहे की नाही. "घातल्यासारखंच नाही वाटून राह्यलं," तो खूश होऊन म्हणाला. मीही निश्चिंत झाले. मूर्ख म्हणायचं मला.

साखरपुडा पांढरकवड्याला एका छोट्या हॉलमध्ये होता. मी सकाळपासून विनूच्या मागे सावलीसारखी. पाणी जास्त पिऊ नको, कोणाला डावा हात धरू देऊ नको, खुर्ची सोडू नको. ओटी झाली, अंगठ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मग व्याहीभेट. आमचे व्याही म्हणजे दणकट माणूस, आवाजही तसाच. त्यांनी विनूला गंध लावलं, टोपी घातली, कडकडून मिठी मारली, आणि मग खिशातून एक डबी काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे व्याही कचेरीतले साहेब, आणि हातात घड्याळ नाही! मघापासून बघतोय मी. हे आमच्याकडून."

डबीत सोनेरी, जाडजूड घड्याळ! आणि घड्याळ बांधायचं म्हणजे कोणत्या हातात? त्यांनी सरळ विनूचा डावा हात धरला.

इतकं पातळ घड्याळ आम्ही शोधून शोधून आणलं, की ते बाहीत गडप झालं आणि कोणाला दिसलंच नाही. अगं आई गं... "उजव्या हातात बांधा" म्हणून ओरडावं वाटत होतं, पण 'का' म्हणून विचारलं असतं तर? व्याह्यांनी गुंडी काढली, दोन बोटं बाहीच्या आत सरकवली आणि एकदम थांबले. बोटं तिथंच होती. त्यांनी विनूच्या तोंडाकडे पाहिलं. विनूही त्यांच्याकडे पाहत होता, पापणी न हलवता. माझ्या डोळ्यांपुढे मोडलेलं लग्न उभं राहिलं, मधुरा उभी राहिली.

व्याह्यांनी बाही हळूच खाली ओढली, गुंडी पुन्हा लावून दिली. "सैल होतंय," ते म्हणाले. "दोन कड्या कमी करून आणतो." आणि डबी स्वतःच्या खिशात टाकली.

जेवताना ते मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसले. "ताई, लग्नाला दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं? उन्हाळ्यातच उरकून टाकू."

मी हो म्हटलं. पण मनात हिशोब सुरू झाला. यांना कळलं, आणि तरीही यांनी नातं तोडलं नाही, उलट घाई करायला सांगतात... म्हणजे वेळ थोडा आहे हे परक्यालासुद्धा दिसलं! तोवर मला वाटत होतं, ते फक्त माझ्या घोर लावून घेणाऱ्या डोक्यातच आहे. विनूला मात्र मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. "त्यायले समजलं, ताई. आता लपवाचं काही काम नाही." वैशाखात लग्न लागलं. विनूने बाह्या वर सारून कन्यादान केलं, डायलिसिसच्या सुयांनी टेंगळं आलेला हात सगळ्यांसमोर. श्रावणात तो गेला. आधी ठरलेली ती दिवाळीनंतरची तारीख अजून यायचीच आहे.

तेराव्याला सुनंदाने ते बारीक घड्याळ माझ्या हातात ठेवलं. मी ते उजव्या मनगटाला बांधलं आणि व्याह्यांजवळ जाऊन बसले. म्हटलं, "त्या दिवशी हात धरल्याबरोबर तुम्हाला आजार समजला, आणि चारचौघांत तुम्ही आमची लाज राखली. तुमच्यामुळे त्याला पोरीचं लग्न पाहायला मिळालं."

व्याही गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. "आजार मला कुठं समजला होता, ताई? तो तर कन्यादानाच्या वेळी हात बघितला तेव्हा समजला. भटजींचे मंत्र चाललेले, तेव्हा काय विचारणार?"

"मग साखरपुड्यात थांबलात काहून?"

"हात थरथरत होता हो त्यांचा. वरून काही नाही, आतल्या आत नुसता थरथरत होता. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं हा माणूस किती भ्यालाय, आणि तोंडावर दाखवत नाही. अशा माणसाला दिवाळीपर्यंत टांगून ठेवायचं म्हणजे पाप. म्हणून म्हटलं, उरकून टाकू."

ती थरथर नव्हती, ते रक्त होतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग मला विनूचं ते मशीनशेजारचं हसणं आठवलं. घाबरायचं मी आणि हसायचं त्याने, हे आमचं लहानपणापासून ठरलेलं. तो घाबरला असेल हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"हो," मी व्याह्यांना म्हटलं. "लय भ्यालता तो." आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मला मोठ्याने रडू आलं.